तयार तुकडे जोडणाऱ्या अ‍ॅडमिरल बाई

मंडळी, भारतातून अबुधाबीत नव्याने आलेल्या बहुतेक कुटुंबांना पहिल्या आठवड्यातच एक वस्तू विकत घ्यावी लागते. ती म्हणजे अ‍ॅडॅप्टर. आपला मिक्सर गोल पिनांचा, इथल्या भिंतीतलं सॉकेट चौकोनी पिनांचं. वीज मात्र दोन्हीकडे २३० व्होल्टचीच. अडतं ते फक्त तोंड. ते एकदा जुळलं, की गावाकडून आणलेला मिक्सर हमदान स्ट्रीटवरच्या फ्लॅटमध्ये मुकाट्याने चटणी वाटायला लागतो. गंमत अशी, की ही भिंत बांधणाऱ्याने तो मिक्सर कधी पाहिलेला नसतो, आणि मिक्सर बनवणाऱ्याने ही भिंत. तोंड कसं असावं, एवढं एकदा ठरलं की दोघांचं भागतं.

कॉम्प्युटरच्या दुनियेत ह्याच युक्तीला प्लगइन म्हणतात. फोटोच्या सॉफ्टवेअरला आपण नवा फिल्टर जोडतो, ब्राउझरला एखादी जास्तीची सोय जोडतो. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हा तुकडा माहीतही नसतो. आता काही भाषांमधला प्रोग्रॅम चालवायच्या आधीच पूर्णपणे यंत्राच्या आकड्यांत उतरवून ठेवतात. ह्याला कंपाइल करणं म्हणतात. एकदा कंपाइल झाला की प्रोग्रॅम पक्का, वाळलेल्या स्लॅबसारखा. मग अशा पक्क्या झालेल्या प्रोग्रॅममध्ये, तो चालू असताना, कुणी भलत्यानेच नंतर लिहिलेला तुकडा कसा काय बसतो?

ह्या प्रश्नाचा माग काढत मागे गेलं, की आपण एका सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, नौदलाच्या गणवेशातल्या बाईंपाशी येऊन पोचतो. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. कंपाइलर हा शब्द कॉम्प्युटरच्या जगात त्यांनीच रुळवला. पण त्यांच्या त्या पहिल्या कंपाइलरचं मुख्य काम होतं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे शोधून आणून जोडण्याचं! म्हणजे प्लगइनची कल्पना कंपाइलरला मागाहून चिकटवलेली नाही, ती त्याच्या जन्मापासूनच त्याच्या पोटात आहे. म्हणून ह्या दिवाळीत ह्या बाईंची ओळख.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. तीन भावंडांत ती थोरली. वडील विम्याच्या धंद्यात. मुलाला जे शिक्षण तेच दोन्ही मुलींना, असा त्यांचा आग्रह. त्या काळात ही मोठीच गोष्ट. आईला गणिताची गोडी. सात वर्षांची असताना ग्रेसला गजराचं घड्याळ कसं चालतं ते पाहायची हुक्की आली. तिने एक घड्याळ उघडलं. चाकं बाहेर पडली, पुन्हा बसेनात. म्हणून कसं बसवायचं ते पाहायला दुसरं उघडलं, मग तिसरं. असं करत घरातली सातही घड्याळं उघडून झाली! आईने तिला चोप दिला नाही. ह्यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढंच बजावलं.

सोळाव्या वर्षी व्हॅसार कॉलेजची परीक्षा दिली, तर लॅटिनमध्ये मार्क कमी पडले आणि प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी तो मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० साली येल विद्यापीठाची मास्टर्स, आणि १९३४ साली तिथलीच गणितातली डॉक्टरेट. मधे १९३० साली व्हिन्सेंट हॉपर ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकाशी लग्न झालं. १९३१ पासून ग्रेसबाई व्हॅसारमध्ये गणित शिकवायला लागल्या. सगळं सुरळीत चाललेलं. आयुष्यभर तिथेच शिकवत राहिल्या असत्या, तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि अमेरिका युद्धात उतरली. बाईंनी नौदलात अर्ज केला. वय पस्तिशीच्या पुढे आणि वजन नियमापेक्षा जवळजवळ सात किलो कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक तर देशाला कॉलेजातच हवे होते. बाईंनी चिकाटी सोडली नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या, आणि जून १९४४ मध्ये प्रशिक्षणातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडल्या. वाटलं होतं जहाजांशी संबंध येईल. नेमणूक झाली ती हार्वर्ड विद्यापीठात, हॉवर्ड एकेन ह्यांच्या हाताखाली, मार्क वन नावाच्या यंत्रावर.

हे यंत्र होतं ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि जवळपास ५ टन वजनाचं. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग! आपल्या खिशातल्या मोबाइलला हे सांगितलं तर तो हसेल. पण तेव्हा तोफांच्या पल्ल्याची कोष्टकं करायला ह्याहून चांगलं काही हाताशी नव्हतं. अणुबाँबच्या प्रकल्पातलं एक गणितही १९४४ साली ह्याच यंत्रावर केलं गेलं. यंत्राला हुकूम द्यायचे ते कागदी पट्टीवर भोकं पाडून. ते हुकूम कसे लिहायचे ह्याची साडेपाचशेहून जास्त पानांची पुस्तिका बाईंनी सिद्ध केली, ती १९४६ साली छापली गेली.

आपल्या कथेचं बीज इथेच पडलं. साइनची किंमत काढायची असो की घनमूळ, तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा लागत. मग बाई आणि त्यांचे सहकारी चालू ठरलेले तुकडे वहीत उतरवून ठेवत आणि गरज लागली की एकमेकांच्या वहीतून नकलून घेत. आपल्याकडे पाककृतीच्या पुस्तकात काय असतं? नेहमीप्रमाणे फोडणी करून घ्यावी, एवढंच लिहितात. दरवेळी मोहरी तडतडण्यापासून सुरुवात करत नाहीत. वाचणारीला फोडणी ठाऊक असते. यंत्राला मात्र ती ठाऊक नव्हती. त्याला दरवेळी अख्खी फोडणी नव्याने लिहून द्यावी लागे.

जाता जाता एक खुलासा. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग का म्हणतात, तर बाईंना यंत्रात पतंग सापडला म्हणून, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात पतंग सापडला हे खरं, तो नोंदवहीत चिकटवून ठेवलेलाही आहे. पण तो बाईंनी शोधला नव्हता, आणि बग हा शब्दही त्याआधीपासून इंजिनिअर मंडळींच्या तोंडी होता. बाई ही गोष्ट इतकी रंगवून सांगत, की ती त्यांच्याच नावावर जमा झाली.

युद्धानंतरचा काळ बाईंना फार जड गेला. १९४५ साली घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. वय जास्त म्हणून नौदलाने कायम सेवेत घेतलं नाही, आणि हार्वर्डमध्येही कायमची जागा मिळेना. त्या दारूच्या आहारी गेल्या. मित्रमंडळींनी वेळीच हात दिला आणि त्या सावरल्या. चाळिशी उलटलेली एकटी बाई, हातात सुरक्षित नोकरी नाही. अशा वेळी १९४९ साली त्यांनी फिलाडेल्फियातली एक नवी, पैशाची चणचण असलेली कंपनी निवडली. एकर्ट आणि मॉकली ह्या दोघांची ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. पुढच्याच वर्षी ती रेमिंग्टन रँडने विकत घेतली.

युनिव्हॅकमध्ये प्रोग्रॅम यंत्राच्या स्मृतीतच ठेवायचा असे. ती स्मृती फक्त १००० शब्दांची. त्यातल्या प्रत्येक जागेला क्रमांक, म्हणजेच पत्ता. आता पुन्हा ती वही आठवा. समजा माझ्या वहीत लिहिलंय, की आता पान ५ वर जा. हा मजकूर तुम्ही तुमच्या वहीत पान ४० पासून उतरवलात, तर ते पान ५ चुकीचं ठरणार, तिथे ४४ लिहायला हवं. प्रत्येक तुकडा नकलताना आतल्या सगळ्या पत्त्यांत अशी बेरीज करावी लागे. आणि बाईंचा अनुभव असा, की प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी नकलायलाही कच्ची आणि बेरजेलाही कच्ची. मग नक्कल करणं आणि बेरीज करणं, ह्या दोन्ही कामांसाठीच जन्मलेलं यंत्र समोर असताना ती माणसाने का करायची?

१९५१ च्या शरद ऋतूत बाई कामाला लागल्या आणि मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी ते काम मांडलं. नाव ए-झिरो. तपासून घेतलेले तुकडे चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला एक बोलावण्याचा क्रमांक द्यायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त यादी द्यायची: अमुक क्रमांकाचा तुकडा, त्याला हे आकडे, उत्तर तिथे ठेव. मग यंत्र स्वतः फितीवरून तुकडे शोधणार, ओळीने मांडणार, आतले पत्ते बदलणार आणि सलग प्रोग्रॅम तयार करणार.

ह्यात एक अडचण होती. एखाद्या तुकड्याला पुढच्या, अजून न आलेल्या तुकड्याकडे उडी मारायची असेल, तर पत्ता कुठला द्यायचा? तो तर अजून ठरलेलाच नाही. बाईंना आठवला कॉलेजातला बास्केटबॉल. तेव्हाच्या मुलींच्या खेळात चेंडू घेऊन फार पळता येत नसे. तो मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचं आणि तिच्याकडून परत घ्यायचा. तसाच त्यांनी स्मृतीच्या टोकाचा एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात टाकायची, आणि पुढचा तुकडा आला की कोपऱ्यातून ती त्याच्याकडे पोचवायची. आज चालू प्रोग्रॅमला बाहेरचा तुकडा जोडतानाही मधे पत्त्यांचं एक छोटं कोष्टक ठेवतात, आणि तुकडा स्मृतीत आला की खरा पत्ता त्यात भरतात. बास्केटबॉलची ती चाल अजून चालू आहे म्हणायची!

इथे न्यायाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. तुकड्यांचा संग्रह करण्याचं काम इंग्लंडमध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्यांनीही केलं होतं, आणि १९५१ साली त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. दुसरं म्हणजे, आजच्या भाषेत ए-झिरोला कंपाइलरपेक्षा लिंकर किंवा लोडर म्हणणं जास्त बरोबर होईल. पण आपल्या विषयासाठी तेच तर महत्त्वाचं आहे.

लोकांनी लगेच डोक्यावर घेतलं का? छे! कॉम्प्युटर आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं बाईंना बरेच दिवस ऐकवलं गेलं. त्यांनी वाद घालत बसण्यापेक्षा पुढची आवृत्ती काढली. १९५३ साली ए-टू गिऱ्हाइकांना दिली, ती आतल्या मजकुरासकट, आणि सुधारणा सुचल्या तर परत पाठवा म्हणून सांगितलं. आज ज्याला ओपन सोर्स म्हणतात, त्याचं हे फार जुनं उदाहरण.

त्यानंतर बाईंच्या मनात आलं, की हुकूम साध्या इंग्रजी शब्दांत का देऊ नयेत? नमुना दाखवताना त्यांनी तेच हुकूम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवले. यंत्राला काय, शब्द म्हणजे नुसत्या खुणा. खुणा बदलल्या तरी आतले तुकडे तेच. पण साहेब मंडळी बिथरली. अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच आणि जर्मन समजतं, हे त्यांच्या पचनी पडेना. शेवटी फक्त इंग्रजीच ठेवू असं कबूल केल्यावर काम पुढे सरकलं. विचार करा, त्याच न्यायाने वाच, लिही, थांब असे मराठी हुकूमही चालले असते.

त्या भाषेचं नाव फ्लोमॅटिक. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये सरकार, कंपन्या आणि कॉम्प्युटरवाले एकत्र बसले आणि सगळ्यांसाठी एकच व्यापारी भाषा करायचं ठरलं. तीच कोबोल. भाषा समितीने घडवली, बाई सल्लागार होत्या, पण पाया बराचसा फ्लोमॅटिकचा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवण्यात आला.

कोबोल म्हटल्यावर आपल्यातल्या कित्येकांचे कान टवकारले असतील. दादर, ठाणे, पुण्याच्या क्लासांत कोबोल शिकलेली, १९९० च्या दशकात वायटूकेच्या लाटेवर परदेशी निघालेली आणि बँकांच्या कॉम्प्युटर विभागांत रमलेली मराठी माणसं थोडी नाहीत. त्यांना कॉल हे क्रियापद आठवत असेल. ते १९७४ च्या मानकात आलं. कॉलच्या पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमचं नाव थेट लिहिता येतं, किंवा ते नाव एखाद्या रकान्यात ठेवता येतं. रकान्यात ठेवलं, तर कुठला तुकडा आणायचा हे प्रोग्रॅम चालू असतानाच ठरतं. समजा बँकेचा रात्रीचा व्याजाचा प्रोग्रॅम चालू आहे. खातं मुदत ठेवीचं निघालं, तर त्या नावाचा तुकडा उचल. बचत खातं निघालं, तर दुसरा. उद्या बँकेने नवी ठेव योजना काढली, तर नवा तुकडा लिहून ग्रंथालयात ठेवायचा आणि त्याचं नाव यादीत घालायचं. मूळ प्रोग्रॅमला हात लावायला नको, पुन्हा कंपाइल करायला नको. प्लगइन म्हणजे दुसरं काय हो?

ए-झिरो तुकडे जोडायचा तो प्रोग्रॅम चालू होण्याआधी. चालू असताना जोडण्याची पद्धत १९६० च्या दशकात मल्टिक्स ह्या प्रणालीत पद्धतशीरपणे आली. तिथे पहिल्यांदा गरज पडेपर्यंत तुकडा शोधलाच जात नसे. पुढे युनिक्स आणि विंडोजनेही तो मार्ग धरला. तुमच्या कॉम्प्युटरवर डीएलएल नावाच्या ज्या असंख्य फायली दिसतात, ते हेच तयार तुकडे.

पण जोडणं जितकं सोपं, तितका धोकाही मोठा. तोंड जुळलं नाही, तर चालता प्रोग्रॅम कोसळतो. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय ना? क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक नवी फाइल पोचली, आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. विमानं खोळंबली, रुग्णालयं आणि बँका अडल्या. कारण काय, तर नव्या भागाने २१ रकाने धरले होते, आणि मूळ प्रोग्रॅम २० च पुरवत होता. एका रकान्याचा फरक! जोडणीआधी तो पकडायला हवा होता, तो पकडला गेला नाही.

हॉपरबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध नेमका ह्याच पकडण्यात गेला. १९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, नौदलाने त्यांना निवृत्त केलं. त्यांना फार वाईट वाटलं. पण ऑगस्ट १९६७ मध्ये परत बोलावणं आलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. नौदलात प्रत्येक विभागाचं कोबोल वेगळं झालं होतं, ह्याचा तुकडा त्याला बसेना. बाईंनी आणि त्यांच्या चमूने मानकाची घडी बसवली, आणि कंपनीचा कंपाइलर ते मानक पाळतो की नाही हे तपासणारे प्रोग्रॅम तयार केले. करार नुसता कागदावर असून भागत नाही, तो पाळला जातोय का हे तपासावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. सहा महिन्यांचं काम पुढे जवळजवळ एकोणीस वर्षं चाललं, मधे एकदा पुन्हा निवृत्त होऊन पुन्हा बोलावल्या गेल्या ते धरून!

म्हातारपणी त्या गावोगाव व्याख्यानं देत. साधारण ३० सेंटिमीटरची तार वाटत आणि सांगत, की एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढंच अंतर कापतो. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरे. आजवर असंच करत आलोय, ह्या सबबीवर त्यांचा भारी राग, त्याचीच ती आठवण. १९८३ साली कमोडोर आणि १९८५ साली त्याच हुद्द्याचं नाव बदलल्याने रिअर अ‍ॅडमिरल. ऑगस्ट १९८६ मध्ये बॉस्टनला एका ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निरोप समारंभ झाला, तेव्हा वय ७९ पूर्ण, नौदलाच्या सेवेतल्या सर्वांत वयस्कर अधिकारी. तरी घरी बसल्या नाहीत, एका कॉम्प्युटर कंपनीच्या सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने दफन झालं. १९९७ साली त्यांच्या नावाची युद्धनौका नौदलात आली, २०१६ साली राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मरणोत्तर मिळालं.

बाईंनी लिहिलेले मूळ तुकडे आज कुठल्या यंत्रावर चालत नाहीत, ती यंत्रंच उरली नाहीत. चालते ती त्यांची रीत. एकदा नीट केलेलं काम पुन्हा करायचं नाही, ते नाव देऊन सगळ्यांसाठी ठेवायचं, आणि दुसऱ्याचा तुकडा घेताना तो ठरल्याप्रमाणे आहे ना, हे तपासून घ्यायचं. आज इथल्या शाळांतून आपली मुलं-मुली कोडिंग शिकतात, पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांचे तयार तुकडे जोडतात. त्यांना एवढं जरूर सांगा, की त्या तुकड्याच्या आत काय आहे, हेही एकदा उघडून पाहा. आणि उद्या घरातलं घड्याळ कुणी उघडून ठेवलं, तर रागावू नका. फक्त सातही उघडू देऊ नका!